झाडाला तारीख

आमच्या अप्पांनी उभा जन्म हुबळीत दिवाणी वकिली केली. निकाल त्यांच्या बाजूने किती लागले ते देव जाणे, पण पुढची तारीख मागून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आई गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात अप्पा न्हाणीत पडून मनगट मोडून बसले. तेव्हा मी पुण्याहून आले ती त्यांना घेऊन जायचं ठरवूनच. देशपांडे नगरातल्या त्या घरात हा माणूस पुन्हा पडला तर कोणाला कळणारही नाही, या भीतीने मला तिकडे झोप लागत नव्हती.

अप्पा म्हणाले, "येतो की. नको कुठं म्हणालोय? फक्त ह्या झाडाला फूल येऊ दे."

झाड कसलं! कंपाउंडच्या भिंतीपाशी मुरमात बशीएवढा पानांचा झुबका होता. पानं जाड, पांढुरकी, हात लावला तर कानटोपीसारखी लोकरीची. बद्रीनाथच्या वाटेवर दरडीत उगवलेल्या रानझाडाचं बी अप्पांनी रुमालात बांधून आणलं होतं. तिकडे त्याला गीदड तंबाखू म्हणतात. माणसाच्या उंचीचा दांडा येतो आणि त्याला पिवळी फुलं लागतात, असं अप्पांचं म्हणणं.

"कधी येणार फूल?"

"दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी नुसती पानं."

"मग कुंडीत घालून नेऊ पुण्याला."

"मूळ सरळ खाली जातंय गं त्याचं. हलवलं की मेलं."

म्हाताऱ्याने झाडसुद्धा कायदा बघून निवडलं होतं. मी पाय आपटत एकटीच परत गेले.

पुढे रोज सकाळी मोबाईलवर झाडाचा फोटो यायचा. शेजारी पुरावा म्हणून त्या दिवशीचा पेपर ठेवलेला असे. फोनवर तब्येत विचारली तर झाडाची सांगत. बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, त्याला उजेड लागतो. खत नको, पाणी बेतानं, ऊन मात्र दिवसभर. एकूण काय, जितके हाल कराल तितकं ते खूश. माझ्या सासरी मलाही याच पद्धतीने वाढवलं, पण मला काही दांडा फुटला नाही.

खरी अडचण शेजारच्या अक्कांची होती. देवाच्या स्नानाचं पाणी मोरीत घालायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही, म्हणून त्या रोज तांब्याभर पाणी दिसेल त्या झाडाला घालत. भिंतीवरून वाकून त्यांनी विचारलं, "इदेन्री अप्पा, कोबी एन?" आणि हा कोबीच असं धरून, उत्तराची वाट न बघता तांब्या उपडा केला. मुळं कुजतील म्हणून अप्पांनी हात जोडले. हे हिमालयातलं झाड आहे, त्याचा उपवास असतो, असा युक्तिवाद केला. अक्कांना तो इतका पटला, की दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याऐवजी हळदकुंकू वाहू लागल्या. लोकरीत बसलेलं कुंकू निघता निघेना. पावसाळ्यात अप्पांनी काठीला छत्री बांधून झाडावर उभी केली. थंडीत फ्रीजमधला बर्फ आणून भोवती मांडला. का, तर थंडी बसल्याशिवाय फूल धरत नाही. गल्लीतली माणसं थांबून नमस्कार करून पुढे जात.

दुसऱ्या वर्षी, शिमग्याच्या सुमारास, फोन आला. "दांडा आलाय. कळ्या आहेत. तिकीट काढ."

मी दोन तिकिटं काढून हुबळीला पोचले. गाडीला अजून दोन दिवस होते, पण अप्पा बूट घालून व्हरांड्यात बसलेले. बॅग बांधलेली. कोर्टात साक्षीला आलेला माणूस बसतो तसे, हात मांडीवर ठेवून. मला म्हणाले, "तुझ्याकडं मी सकाळी फिरायला गेलो तर चालंल काय गं? वॉचमनला विचारावं लागंल काय?" जन्मात कधी कोणाला काही न विचारणारा हा माणूस. मला त्यांचा भयंकर राग आला. वर्षभर भांडलात की, मग आता भांडा ना!

मी स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि तो दांडा बुंध्यापासून कचकन कापला. हे झाड फुलून बी धरलं की मरतं. त्याआधी दांडा कापला तर आणखी वर्षभर तगूही शकतं, एवढं आता मलाही पाठ झालं होतं.

"झालं," मी म्हटलं, "फूल आलंच नाही. राहा इथंच."

अप्पा उठून उभे राहिले. चेहरा पार पडलेला. "अगं, पण मला ते फूल खरंच बघायचं होतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी गुपचूप दांडा पितळी घागरीत पाणी भरून उभा केला. अप्पा बूट न काढताच त्याच्यासमोर जाऊन बसले.

सकाळी त्यांच्या हाकेनं मी उठले. खालची एक कळी उमलली होती, पिवळी, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी नाही. अप्पांनी भिंतीवरून अक्कांना लवकर या म्हणून हाक मारली, "बर्री, बेग बर्री!" आणि लहान मुलासारखे अनवाणी अंगणात धावले. पाय घसरेल म्हणून ओरडणार होते, पण ओरडले नाही. मोबाईल घेतला आणि दोनांपैकी एक तिकीट रद्द केलं.