चाळीसाव्या दिवसाचं पाणी

यवतमाळच्या एका संस्थेत मी साडेचार वर्षं नोकरी केली. आठवड्यातून दोनदा, सकाळी सात वाजता, जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे फोन वाजायचे आणि त्यांनी उचलला की माझा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू यायचा. या आठवड्यात गव्हाला काय करा, हरभऱ्यात घाटेअळी दिसली तर काय करा, ज्वारी कधी कापा, असं. शेतीचं माझं काही शिक्षण नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. सल्ला लिहून द्यायचे आमचे साहेब. उभा जन्म धान्यपिकांवर संशोधन करण्यात घालवून ते निवृत्त झाले होते आणि घरी बसवत नाही म्हणून आमच्याकडे यायचे. त्यांचं मराठी छापील होतं. ‘मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत पाण्याचा ताण पडू देऊ नये’ असा कागद ते माझ्यासमोर ठेवायचे आणि मी तो आपल्याकडच्या बोलीत फिरवायची: पेरल्यावर वीस-बावीस दिवसानं पह्यलं पानी चुकवू नका, भाऊ.

अट एकच होती. निरोप साठ सेकंदांत संपला पाहिजे. त्याच्या पुढे लोक फोन ठेवून देतात, हे साहेबांनी आधीच्या कामात पाहिलं होतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, कारण वाचताना दम कुठे लागतो ते मलाच कळायचं.

आमचं घर फुलसावंगीच्या पलीकडे एका तांड्यावर. घरात गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची भाषा, बाहेर मराठी. माझ्या बाकडे, म्हणजे वडिलांकडे, नाल्याकाठी काळी जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन आणि तूर. आणि वरच्या अंगाला दोन एकर बरड, म्हणजे वीतभर मातीखाली मुरूम. दोन्हींच्या मध्ये विहीर. बा कोणाचं ऐकणारा माणूस नव्हता. गावात येणाऱ्या कृषी सहायकाला तो चहा पाजायचा आणि सल्ला तिथेच सोडून द्यायचा. मी कॉलेजात असताना एकदा म्हणाले होते की कापसाच्या पऱ्हाट्या वावरात जाळू नको, तर तो आईला म्हणाला होता की हिला चूल पेटवता येते का ते आधी पाहा.

नोकरी लागल्यावर मी त्याचा नंबर यादीत घातला. पहिला फोन गेला त्या दिवशी काय झालं ते याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, नंतर सांगितलं. त्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला, ओट्यावर ठेवला आणि शेजारच्या दोघांना हाक मारून बोलावलं. निरोप संपल्यावर तो बराच वेळ फोनकडे पाहत होता. त्यानंतर त्यानं माझ्याशी शेतीबद्दल मराठीत बोलायला सुरुवात केली. घरच्या बाकी गोष्टी गोरबोलीत चालायच्या, पण पिकाचा विषय निघाला की त्याची भाषा बदलायची. याडी हसायची. म्हणायची, फोनमधल्या बाईशी बोलतो आहे तो, तुझ्याशी नाही.

मला त्याचा अभिमान वाटायचा हे कबूल करते. पहिल्याच वर्षी त्यानं हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळून पेरणी केली. मर रोग फार आला नाही. तांड्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं की बाईनं सांगितलं होतं. ज्या माणसानं माझं एकही म्हणणं कधी मनावर घेतलं नव्हतं, तो आता माझा शब्द पाळत होता. त्यातला एकही शब्द माझा नव्हता, याचा मी तेव्हा विचार करत नव्हते.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कमी पाण्यावर येणाऱ्या गव्हाचा निरोप गेला. साहेबांच्या कागदावर ‘मध्यम ते भारी जमीन’ असं होतं. मी वाचताना ‘चांगल्या जमिनीत’ म्हणाले. तीन शब्दांच्या जागी एक झाला आणि सेकंद वाचला. बानं तो निरोप ऐकला. नाल्याकाठच्या रानात तूर उभी होती, कापूस वेचायचा होता. बरड मात्र सोयाबीन काढून रिकामं पडलं होतं आणि दरवर्षी ते तसंच पडून असायचं. विहिरीत पाणी थोडं, पण कमी पाण्याचा गहू म्हणतात तर घेऊन पाहू, असं त्यानं ठरवलं. मला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं की यंदा गहू पेरला. कुठे पेरला ते मी विचारलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पाण्याचा निरोप होता. साहेबांनी नीट लिहिलं होतं. तीन पाणी असेल तर केव्हा, दोन असेल तर केव्हा, आणि एकच पाणी देता येत असेल तर पेरणीनंतर चाळीस ते बेचाळीस दिवसांनी. शेवटी एक ओळ होती. हलक्या, उथळ जमिनीत मात्र चाळीस दिवस थांबू नये, तिथे पिकाला विसाव्या दिवशीच पाणी लागते, आणि ते देऊन पुढचे देता येणार नसेल तर अशा जमिनीत गहू घेऊच नये. मी वाचून पाहिलं, अडुसष्ट सेकंद झाले. पुन्हा वाचलं, सहासष्ट. साहेब त्या दिवशी कार्यालयात नव्हते. मी शेवटची ओळ गाळली. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, चालेल, बरडावर गहू पेरतो कोण.

त्यानंतर आठवडाभरानं याडीचा फोन आला. मी ऑटोत होते. ती म्हणाली, बापाला सांग, गव्हाला पाणी देत नाही, दुपारी पीक माना टाकतं. मी विचारलं, विहिरीत पाणी आहे ना? ती म्हणाली, आहे, पण तो म्हणतो एकदाच देण्यापुरतं आहे आणि ते चाळीसाव्या दिवशीच द्यायचं. मला आठवतं, मी हसले. मी तिला सांगितलं की तो अगदी बरोबर करतो आहे, त्याला करू दे. माझ्या डोळ्यासमोर नाल्याकाठची काळी जमीन होती. ती म्हणाली की तुम्ही शिकलेले, तुम्हाला माहीत.

जानेवारीत संक्रांतीला मी घरी गेले. यवतमाळहून आर्णीवरून महागाव आणि तिथून दुसरी एसटी. पोचले तेव्हा दुपार होत आली होती. बानं जेवूही दिलं नाही, आधी गहू पाहायला चल म्हणाला. मी नाल्याकडे वळले तर तो म्हणाला, इकडे नाही, वर.

चढ चढून गेलो आणि मी उभी राहिले. दोन एकरांत गहू होता, पण गुडघ्याच्याही खाली. एका रोपाला एकच दांडी, बाजूला फुटवा नाही. ओंब्या आल्या होत्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. मी एक ओंबी चोळून पाहिली. हातात भुसा आणि चार-पाच चिमलेले दाणे आले. मी कधी शेतातलं काम मनापासून केलं नाही, पण तांड्यावर वाढलेल्या माणसाला हे पाहून काय समजायचं ते समजतं.

बा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. त्यानं सांगितलं की त्यानं घरातल्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली होती. एकोणचाळिसाव्या दिवशी मोटार तपासून ठेवली आणि चाळीसाव्या दिवशी सकाळी पाणी सोडलं. याडी रोज भांडत होती, पण त्यानं ऐकलं नाही.

“एक दिवस इकडचा तिकडं नाई होऊ देल्ला,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “आता काय करा लागते?”

तो मला विचारत होता आणि उत्तर येईल अशी त्याची खात्री होती. मी शेताच्या कडेला जाऊन साहेबांना फोन लावला. त्यांनी जमीन कशी आहे ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले की आता करण्यासारखं काही नाही, हिरवा आहे तोवर कापून जनावरांना घाला. मी परत येऊन बाला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन गेला. माझा तोही सल्ला त्यानं पाळला.

सोमवारी कार्यालयात मी साहेबांना म्हणाले की दुरुस्तीचा निरोप पाठवू. त्यांनी मला समोर बसवलं. वेळेवर पेरलेल्या सगळ्यांचा चाळीसावा दिवस होऊन गेला होता. आता सांगून त्यांना फक्त एवढंच कळेल की आपण चुकलो, आणि पुढचं ते काहीच ऐकणार नाहीत. मी विचारलं, असे आणखी किती जण असतील? त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आमचे फोन फक्त जायचे, उलट बोलायची सोय त्यात नव्हती. माझ्या बाचं मला कळलं ते केवळ तो माझा बा होता म्हणून.

साहेबांनी मला रागावलं नाही. उलट ती ओळ सगळ्यात शेवटी लिहिली ही आपलीच चूक, असं ते म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

बाला खरं काय ते मी होळीला गेले तेव्हा सांगितलं. याडी बाहेर होती. मी म्हणाले की कागदावर आणखी एक ओळ होती, हलक्या जमिनीत थांबू नका अशी, आणि ती मीच वाचली नाही, वेळेत बसत नव्हती म्हणून. तो रागावेल, किंवा निदान हसेल, अशी मी वाट पाहत होते. तो बराच वेळ पायाच्या टाचेवरची भेग चोळत राहिला.

“तू वाचली असती तरी मले काय समजलं असतं?” तो म्हणाला. “आपल्या वावराले हलकं कोन म्हनते, बाई? माह्या बापानं गोटे येचून केलं ते वावर.”

मी म्हणाले, पण ते बरड आहे. तो म्हणाला, बरड आहे, पण हलकं नाही.

मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खचलेले दिसले. त्यांनी उन्हाळाभर एक नवी पद्धत बसवली. यादीतल्या प्रत्येकाला फोन जाणार, जमीन भारी असेल तर एक दाबा, मध्यम असेल तर दोन, हलकी असेल तर तीन. मग ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे निरोप. प्रश्न माझ्याच आवाजात गेला. या खेपेला मी ‘चांगली’ हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. बरड म्हणजेच हलकी, हेही त्यात घातलं. उत्तरांची यादी आली तेव्हा साहेबांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. जवळजवळ सगळ्यांनी एक दाबलं होतं. कितीतरी गावं अशी, की जिथे सगळा डोंगरउतार आहे, तिथेही एक. मी बाचा नंबर शोधला. त्याच्यापुढेही एक होता. त्यानं नाल्याकाठचं रान धरून दाबला, की न ऐकताच पहिला आकडा दाबला, ते मी विचारलं नाही.

त्या रब्बीत आम्ही पुन्हा सगळ्यांना एकच निरोप पाठवत राहिलो. हलक्या जमिनीची ओळ मी आता सुरुवातीला घ्यायची, आणि त्यामुळे शेवटची दुसरी कुठली तरी ओळ गळायची. कधी बियाणं किती खोल पेरायचं ते, कधी खताचा दुसरा हप्ता. प्रत्येक वेळी वाटायचं, ही ओळ कोणाची तरी असणार. साहेबांनी यायचं कमी केलं. पुढच्या वर्षी त्या कामाला मिळणारी मदत थांबली. निरोप बंद होत आहेत हे सांगणारा शेवटचा निरोपही मीच वाचला, तो मात्र वीस सेकंदांत झाला.

आता मी यवतमाळातच एका दुकानात लोकांचे अर्ज भरून देते. बरड पडून आहे. बानं त्यात पुन्हा काही पेरलं नाही. तो जे आधी आपल्या अंदाजानं करायचा, तेही आता धड करत नाही, असं याडी सांगते. पेरणीच्या वेळी दोन-दोन दिवस ओट्यावर बसून राहतो. पूर्वी तिचं ऐकत नव्हता, आता तिलाच विचारतो, आणि ती म्हणते की मला काय विचारतोस.

या नोव्हेंबरात त्याचा फोन आला. घरचं सगळं गोरबोलीत बोलून झालं. मग तो मराठीत आला.

“औंदा गव्हाचं काय म्हनते?”

मी सांगितलं की आता तिथे कोणी नाही, साहेबही नागपूरला मुलाकडे गेले, मला कोणी काही लिहून देत नाही. तो म्हणाला, हो, ते माहीत आहे, पण तुला काय वाटतं. मला काहीच वाटत नव्हतं. मी आठवून पाहिलं तर साठ सेकंदांचे कितीतरी निरोप तोंडपाठ होते आणि त्यातला एकही मला त्याला सांगवेना. दुकानात माणसं थांबली होती. मी म्हणाले, याडीला विचार. त्याच्या मागे कोणाची तरी मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. त्यानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.