गोणीत पडलेलं पाणी

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पिशव्या बनतात. मी जया, कापायला आणि पॅक करायला. मशीनवर बाळा घाडी. मूळ मालवणकडचा, गिरणी कामगाराचा मुलगा, सत्तावीस वर्षं प्लॅस्टिक वितळवतोय. पिशवीत अंगठा खुपसून ती किती ताणेल ते सांगायचा, आणि चुकायचा नाही मेला!

मग मक्याच्या पिठापासून बनलेला, मातीत कुजणारा माल आला आणि बाळाची मस्ती उतरली. जुनं प्लॅस्टिक ताणलं की आधी पांढरं पडतं, मग फाटतं. हा माल सरळ टर्रकन फाटायचा. जरा जास्त तापला की पिवळा पडायचा आणि करपलेल्या कणसाचा वास सुटायचा. दोन महिने झटून बाळाला तो जमला.

शुक्रवारी चार वाजता गिऱ्हाईक नमुना बघायला येणार होतं. पाच किलो तांदूळ भरून पिशवी टांगायची. आमचे शेठ चंद्रप्रकाश सकाळीच म्हणाले, "आज फाटली तर मशीन विकतो. पुरे झालं." बाळा पंचावन्नचा. त्याला दुसरीकडे कोण ठेवणार?

वितळलेल्या मालाचा लांब फुगा वर चढला तरच पिशवी होते. अकरापासून तो चढेचना. बुडबुडे, भोकं, आणि फट्! बाळाने उष्णता कमी केली, वाढवली. परत फट्. दोन वाजले. शेठनी फोन उचलला. "काय भिकार माल पाठवलाय! आत्ता झापतो त्यांना. गिऱ्हाइकालाही येऊ नका सांगतो."

बाळाची नजर मशीनच्या पायाशी गेली. तिथे हळदकुंकू आणि फोडलेला नारळ होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही आठवलं, अगं बाई! सकाळी दाण्यांची नवी गोणी उघडली तेव्हा नेहमीच्या रीतीने याने नारळाचं पाणी थेट गोणीत शिंपडलं होतं. जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यांना काही होत नसे. हे दाणे पाणी पितात, आणि तापले की त्याची वाफ होऊन फुगा फुटतो. बोलला तर शेठ हाकलणार, गप्प बसला तर मशीन जाणार.

"शेठ, फोन ठेवा. मालाचो दोष नाय. पाणी मीयाच मारलंय."

"सत्तावीस वर्षं काम करून अक्कल कुठे ठेवलीस?" शेठ एवढे ओरडले की शेजारच्या गाळ्यातले डोकावले.

बाळा मान खाली घालून मशीनमधला ओला माल उपसत होता. "दुसरी गोणी बंद आहे. ती लावू द्या."

"लाव. आणि फसलं तर मशीनच्या आधी तू जाशील."

साडेतीनला फुगा चढला, सरळ आणि तुकतुकीत. मी भराभर पिशव्या कापल्या. चारला तांदूळ भरून एक टांगली. बंद ताणले गेले, तळ लोंबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकाने मान डोलावली आणि ऑर्डर देऊन गेलं.

बाळा जमिनीवर बसून ढसाढसा रडला. शेठ त्याच्यापाशी आले.

"प्रसाद वाटला नाहीस अजून," ते म्हणाले. "पण आधी हात पुस."

बाळाने शर्टाला हात दोनदा पुसले आणि खोबरं घेऊन उठला.