काळ्या गाडीवरचं जाळं

काळी गाडी म्हणजे पॉलिशवाल्याची परीक्षा. पांढऱ्या रंगावर शंभर पापं झाकतात, काळ्यावर एक झाकत नाही. मला हे कसं ठाऊक, तर आमचे हे अकोल्याच्या एका गॅरेजात पॉलिशचं काम करायचे आणि त्याच गॅरेजच्या मागच्या खोलीत आमचा संसार होता. साठ सालानंतरच्या दोनचार वर्षांतली ही गोष्ट.

मालकांनी विजेवरचं पॉलिशचं मशीन आणलं होतं. त्याच्या तोंडाला लोकरीची टोपी. पत्र्यावर मसाला लावायचा आणि वरून ती टोपी गरगर फिरवायची. बाकीचे कारागीर त्याला हात लावायला भीत, ह्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात ते वश करून घेतलं. ह्यांनी घासलेल्या पत्र्यात बघून लोक भांग पाडत. मला त्याचा फार तोरा होता. असणारच, मिरवायला दुसरं काय होतं माझ्याकडे?

मग त्या उन्हाळ्यात कुठे माशी शिंकली कोण जाणे. गाडी उन्हात काढली की रंगात बारीक गोल ओरखडे दिसायला लागले. गॅरेजात त्याला जाळं म्हणत. बरं, तेवढंच नाही. त्याच गाडीवर दुसरीकडे इतकं घासलेलं असे की रंग उडून खालचं लाल अस्तर उघडं पडे. कारागीर पाठीमागे हसायचे, नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचे. हे खाली मान घालून घासत राहायचे. बोलणं माझ्याकडे होतं.

त्यातच अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठची काळी गाडी आली, लेकीच्या लग्नासाठी. मालक खोलीच्या दाराशी आले. "मिस्त्री, या गाडीवर जाळं राह्यलं तर मशीन दुसऱ्याच्या हातात देईन. अन् ही खोली कामावरच्या माणसाची हाय, हे काई मी सांगाले नाई पायजे."

मी चुलीपुढे बसून सगळं ऐकलं आणि ठरवलं, आता ह्याचं मूळ मीच शोधते. मसाल्यात कचकच असेल म्हणून तो मलमलीतून गाळला. टोपीत काळ्या मातीचा कण अडकला असेल म्हणून टोपी रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि घरातच वाळवली, कारण बाहेर शेजारच्या जिनातला कापूस उडून तिला चिकटायचा. तापलेल्या पत्र्यावर रंग मऊ पडतो असं हेच एकदा म्हणाले होते, म्हणून ह्यांना फटफटताच उठवून कामाला लावलं. गाडीभोवती ओली पोती टांगली. मशीन तिरपं धरू नका, एका जागी दाबू नका, हेही मीच शिकवत बसले. एवढं करून जाळं होतं तिथंच.

घरात आणखी निराळंच. जेवता जेवता हे वर बघून म्हणायचे, "कोपऱ्यात जाळं झालं व, झाडत जाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वलगावला माझ्या माहेरी मातीचं घर होतं, पण कोपऱ्यात जाळं दिसलं असतं तर आईनं आम्हाला जेवू घातलं नसतं. मी झाडू घेऊन कोपरा दाखवायची. "कुठी हाय जाळं? दाखवा बरं मले." हे जेवायला लागायचे आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

गाडी द्यायच्या आदल्या सकाळी मी चहा घेऊन गेले. ऊन नुकतंच गाडीवर आलं होतं. पुढच्या दारावर हे एवढं जाळं, आंधळ्यालाही दिसावं असं. आणि हे बॉनेटवर मशीन फिरवत होते, जिथं पत्रा आरशासारखा साफ होता. कडेला लाल अस्तर दिसायला लागलं होतं.

"आवो, तिकडे काहून घासून राह्यले? जाळं इकडे हाय, दारावर."

ह्यांनी मशीन बंद केलं. दाराशी आले आणि बोटांनी चाचपून पाहिलं.

"हे गाडीवर हाय?" हे हळूच म्हणाले. "मले वाटलं, हे माह्या डोळ्यातलं हाय."

मग समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे बोट केलं. "अन् ते?"

भिंत कोरी होती. घरातले सगळे कोपरे मला एकदम आठवले. डोळ्यातलं कोणतं आणि गाडीवरचं कोणतं, हे ह्यांना कळेनासं झालं होतं. म्हणून नसलेलं जाळं घासून घासून रंग उडवायचे आणि खरं तसंच सोडायचे. आणि मी मसाला गाळत बसले होते.

गाडी लाल कडेसकट गेली. आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, डोळ्यात औषध घालून पाहिलं. साखर फार वाढली आहे, डोळ्याच्या आतल्या शिरा फुटून रक्त झिरपतं, तेच जाळ्यासारखं दिसतं, असं म्हणाले. मी विचारलं, इलाज? ते म्हणाले, "गोड बंद करा. पण गेलेली नजर येत नाही, बाई." येताना बसमध्ये मी पदर तोंडात धरून रडले. हे खिडकीबाहेर बघत होते. काय दिसत होतं देव जाणे.

मशीन दुसऱ्याकडे गेलं. मालक वाईट नव्हते, महिनाभर राहू दिलं, मग खोली सोडली. जिनाच्या पलीकडे टिनाचं खोपट मिळालं आणि मी जिनात कापूस निवडायला जाऊ लागले. घरी आल्यावर हातात झाडू धरायचं त्राण उरायचं नाही. खोटं कशाला सांगू, मन तर आधीच मेलं होतं. कोपऱ्यांत खरीखुरी जाळी धरली, लोंबायला लागली. मी बघायची आणि तशीच पडून राहायची.

एका दुपारी हे दाराशी बसले होते. तोंडावर सरळ ऊन येत होतं, तरी डोळे मिटले नव्हते. मला जवळ बोलावलं. कधी नाही ते माझ्या कामाचं कौतुक केलं.

"आता घर चांगलं ठेवतं तू," हे म्हणाले. "एक जाळं नाई राह्यलं कुठी."