सुखरामजींचा टावर

मध्य प्रदेशातल्या बिरसा तहसिलीत मोबाइल आधी आला आणि टावर त्याच्या मागून, रमतगमत आला. रेंजला तिकडं टावरच म्हणतात. तो कुठं सापडेल हे सांगावं तर सुखरामजींनीच. जनावरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर. गावोगाव गायीबैलांना सुया टोचत फिरायचे, त्यामुळे कुठल्या गावात मोहाच्या झाडाखाली उभं राहायचं आणि कुठं मारुतीच्या ओट्यावर चढायचं, हे त्यांना तोंडपाठ. लोक वाटेत अडवून विचारायचे, "सुखरामजी, टावर कुठीसा आहे जी?" आणि हा माणूस बैल सोडून आधी टावर दाखवायचा!

दवाखान्यामागच्या टेकाडावरून ते रोज संध्याकाळी आईला फोन लावत. गोदाबाई बालाघाटला, धाकट्या वसंताकडं. सुखरामजी घसा फोडून ओरडायचे, "आई, जेवली काय?" त्यातलं अर्धं बालाघाटला पोचायचं, अर्धं जंगलातच राहायचं. पण तेवढ्यावर म्हातारीचं भागायचं.

या गोदाबाईंचा एक हट्ट होता. लेक प्रवासाला निघाला की तो पोचल्याचं त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलेलं चालायचं नाही. लेक जवळच लांजीला वरातीत गेला तरी ही बाई ताट झाकून बसायची. वय ऐंशीच्या पुढं, अंगात काडीचा जीव, पण हट्ट लोखंडाचा.

आणि सुखरामजी तर निघाले सिंगापूरला! नूतनला, त्यांच्या लेकीला, तिथं मुलगी झाली होती. बायको दुर्गाबाई बाळंतपणासाठी आधीच गेलेली. बारशाला आजोबा नकोत का? निघण्याआधी त्यांनी रिचार्जवाल्या भैयालालला विचारलं, "बाहेर रोमिंग लागन न?"

"लगेगा चाचाजी, क्यों नहीं लगेगा!"

सुखरामजी निश्चिंत झाले. गोंदियाला गेलं की राज्य बदलतं आणि फोनवर रोमिंग लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. सिंगापूर म्हणजे जरा लांबचं गोंदिया, एवढाच त्यांचा हिशेब. आईच्या पाया पडून म्हणाले, "उतरलो की फोन करतो. मंग जेवशील."

"हौ," गोदाबाई म्हणाल्या. "तोवर पाणी पितो मी."

विमान उतरलं. सुखरामजींनी फोन सुरू केला. टावर नाही. टॅक्सीत नाही. नूतनच्या बाराव्या मजल्यावरही नाही. नातीचं तोंड पाहिलं, डोळे भरून आले, पण हात खिशातल्या फोनवरच.

"बाबा, परदेशाचं रोमिंग वेगळं असतं, ते तिकडूनच चालू करून घ्यावं लागतं," नूतन म्हणाली. तिनं आपल्या फोनवरून वसंताला लावला. वाजला आणि कटला. पुन्हा लावला, पुन्हा कटला. सुखरामजींनी कपाळावर हात मारला. लॉटरी लागली म्हणून फसवणाऱ्यांचा वसंतानं असा धसका घेतला होता की परका नंबर दिसला की तो फोन कापायचाच.

"माझ्याच नंबरवरून लागला पाहिजे," ते म्हणाले. "थांब, टावर पाहून येतो."

"अहो, टावर काय पाहता! इथं काय बिरसा आहे काय?" दुर्गाबाई ओरडल्या. पण ऐकतो कोण? आई कालपासून उपाशी आहे, हे एकच डोक्यात भुणभुणत होतं.

खालच्या बागेत एक उंचवटा दिसला. सुखरामजी त्यावर चढले आणि फोन धरून हात आभाळाकडं ताणला. शेजारी चार म्हातारे सकाळचा व्यायाम करत होते. त्यांनीही हात वर केले. सुखरामजी डावीकडं वळले तर तेही डावीकडं! एकानं तर मान डोलावून यांना शाबासकी दिली. "बाप्पा, यायलेही टावर नाही भेटून राह्यला," सुखरामजी पुटपुटले आणि त्यांचा धीरच सुटला. इतक्या मोठ्या देशात टावर नाही आणि तिकडं माझी आई पाण्यावर बसली आहे! त्या उंचवट्यावर हा पन्नाशीचा बाप्या डोळे पुसायला लागला.

नूतननं हाताला धरून त्यांना वर आणलं. लॅपटॉप उघडला, त्यांच्या कानाला हेडफोन लावला. म्हणाली, "इंटरनेटवरून लावते, स्वस्त पडतं. काका उचलेपर्यंत लावत राहीन." तिसऱ्यांदा वाजला आणि फोन उचलला गेला.

"दादा, तू होय?" वसंता म्हणाला. "मी तं कापूनच राह्यलो होतो. आई म्हणे, उचल रे, माझा सुखरामच असन. घे, तिच्याशी बोल."

"आई ऽऽ! पोचलो मी ऽऽ!" सुखरामजींनी असा हंबरडा फोडला की पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली.

"काहून बोंबलून राह्यला? ऐकू येते मले," गोदाबाई म्हणाल्या. आवाज इतका स्वच्छ, की त्यांनी घेतलेला श्वासही ऐकू आला. बिरशाहून असा आवाज कधी गेला नव्हता आणि आला नव्हता. सुखरामजींनी हेडफोन कानावर आणखी दाबला.

"कुठीसा आहेस रे तू?"

"सिंगापूरले, आई."

"लबाड कुठला! बिरशाहून तुझा आवाज अर्धा येते. आज तं बाजूले बसून बोलल्यावानी येऊन राह्यला." म्हातारीचा आवाज एकदम हळवा झाला. "सिंगापूरचं ईमान सुटलं नाही काय? नसन सुटलं तं नसन. जवळच आहेस तं घरी ये न बाबू. दोघं मिळून जेवू. मी थांबतो."

समुद्र, देश, रोमिंग, यातलं काय काय समजावणार होते सुखरामजी? आणि समजावून होईस्तोवर ती उपाशीच राहिली असती. आयुष्यात आईशी कधी खोटं बोलले नव्हते.

"येतोच आई," ते म्हणाले. "तू बस जेवायले. मी येईस्तोवर सुरू कर."

"हौ. लवकर ये मंग."

तिनं फोन न कापताच बाजूला ठेवला असावा. ताटावरचं झाकण निघाल्याचं ऐकू आलं, मग तांब्या सरकल्याचं, बांगडी वाजल्याचं. बोलणं संपलं असं वाटून नूतननं फोन बंद करायला हात पुढं केला. सुखरामजींनी तो घट्ट धरला.

"थांब," ते कुजबुजले. "आई जेवून राह्यली."