खालच्या फळीवरची वाइन

आज पुण्याहून दाजी आले. बारामतीकडची चांगली वाइन घ्यायची होती, म्हणून मी आणि आमचे वडील तात्या त्यांच्यासोबत वाइनरीवर गेलो.

दाजींनी दोन महागड्या बाटल्यांची चव घेतली. मी म्हटलं, खालच्या फळीवरची सगळ्यात स्वस्त रेड पण बघा. तिच्यात आमच्याच बागेतली द्राक्षं जातात.

वाइनसाठी द्राक्षाचे मणी बारीकच ठेवावे लागतात. पहिल्या वर्षी आमचं अख्खं कळंब गाव हसलं होतं, "तात्या, बागेला पाणी कमी पडलं का?"

तात्या माळकरी, त्यांनी वाइन कधी तोंडाला लावली नाही. त्यामुळं दाजींच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. "जावई, खरं सांगा. कशी हाय?"

"तात्या, त्या दोन्हींपेक्षा भारी आहे." दाजींनी तिचाच खोका घेतला.

येताना कळंबच्या चौकात तात्यांनी गाडी हळू घ्यायला लावली. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर वाइनचा खोका.

"काच खाली करा, जावई. बघू द्या की सगळ्यांना."

तुमच्याकडं हाय का कुणी असं, स्वतः पिकवलेलं कधीच न चाखलेलं?