रंगीत टीव्ही होळीत जायचा होता

आमच्या आळीत पहिला रंगीत टीव्ही माझ्याकडे आला होता. तो मेला तेव्हा भंगारवाला दारात आला. मी त्याला हाकलला. हातोड्यानं फोडायला का देऊ? होळीत जुनंपानं घालायची आमच्याकडे रीत आहेच, तेव्हा टीव्ही मानानं होळीत जाईल, असं मी सगळ्या आळीला सांगून टाकलं.

त्याच होळीला नातीची पहिली होळी. आजोबानं मूल कडेवर घेऊन होळीभोवती फिरवायचं, ही आमच्या घरची पद्धत. मी नवा सदरा शिवून घेतला होता.

सूनबाई माणिकपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, "बाबा, टीव्ही जळणार असेल तर बाळ होळीला येणार नाही."

"का? धूर काय आजच बघतेस?"

"लाकडाचा वेगळा. याच्या प्लास्टिकात रसायनं असतात. ती पार उत्तर ध्रुवापर्यंत जातात."

मला हसू आलं. "बाई, मी चौथी नापास, पण वारा मला शिकवू नकोस. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो. धूर जाईल तर आत आचोळ्याला जाईल. ध्रुवावर कुठला?"

"आणि पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो तो कुठं जातो?"

जातो तर समुद्रावरच. आतून आमची ही ओरडली, "आता बोला!"

सूनबाईनं एका हातात बाळ धरून भाताचं झाकण उचललं. आतून थेंब लोंबत होते. "वाफ गरम भांड्यातून उठते, गार झाकणाला बसते. हे विषही तसंच. उन्हानं उडतं, गारव्यात खाली बसतं, परत उडतं. असं टप्प्याटप्प्यानं बर्फावर पोचतं आणि तिथं साठतं. मग माशांत, सील प्राण्यांच्या चरबीत, ती चरबी खाणाऱ्या तिथल्या आयांच्या दुधात."

तेवढ्यात नातीनं दुधासाठी गळा काढला.

मी हरलो असं म्हटलं नाही. अजून म्हणत नाही. होळीच्या सकाळी टीव्हीला हळदकुंकू लावलं, रिक्षात मांडीवर घेतला आणि जुनी यंत्रं नीट सुटी करतात तिथं स्वतः पोचवला. पाय बधिर झाले. तिथल्या पोरीला बजावलं, "हातोडा लावायचा नाही हां!"

संध्याकाळी होळीपाशी आमचा शेजारी वाट बघत होता. "काय दादा, टीव्ही कुठाय? मधोमध जागा ठेवलीय!"

"होळीत टीव्ही? अक्कल विकून खाल्लीस काय? त्या धुरानं ध्रुवावरच्या बायाबापड्यांचं काय होतं, माहीत आहे?"

मागं सूनबाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

शेजारी बापडा गोंधळला. "तुम्हीच म्हणालात म्हणून मी मिक्सर घातलाय की!"

"काढ आधी!"

मग लाकडं हलवून मिक्सर निघाला, कुणाचा तरी रेडिओ निघाला, वायरींचं भेंडोळं निघालं. सगळी आळी मला शिव्या देत हसत होती. मी कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडत होतो.

होळी पेटली. सूनबाईनं स्वतः नात माझ्या हातात दिली. पोरगी जाळाकडे डोळे फाडून बघत, माझी मिशी ओढत राहिली. फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा सूनबाई म्हणाली, "पुरे बाबा, द्या आता."

तिचं मी ऐकलं नाही. आणखी एक फेरी मारली.