बुधवारचं मुंडकं

आमच्या घरात दर रविवारी मटण शिजायचं आणि त्याबरोबर न्यायनिवाडा व्हायचा. पातेलं सासऱ्यांच्या पुढ्यात, पळी त्यांच्या हातात. रस्सा सगळ्यांना सारखा, पण मगज भरलेली नळी ज्याच्या ताटात पडेल तो त्या आठवड्याचा लाडका. सासरे तोंडानं कुणाचं कौतुक करत नसत, ते काम नळी करायची. माझं लग्न झाल्यावर दोन वर्षं माझ्या ताटात नुसते साधे तुकडे आणि बटाटा. पहिली नळी मिळाली त्या दिवशी मी माहेरी फोन केला. आईचा आवाज भरून आला. म्हणाली, "आता तू त्या घरची झालीस बाई."

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामा मूळचे सायखेड्याचे, गोदावरीच्या काठावर वाढलेले. नदीत पोहले, म्हशी धुतल्या, पण नदीतलं कधी काही खाल्लं नाही. पुढे अंबडच्या एका कारखान्यात फोरमन झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण पळी हातात आली की अजूनही कारखान्यातली शिफ्ट सुरू झाल्यासारखा त्यांचा आवाज चढतो.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हृदयाच्या नळीत चरबी साठलीय. मटण बंद. आठवड्यातून एकदा मासे खा."

"म्हणजे नळीनं नळी तुंबवली," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. पण परतताना रिक्षानं द्वारका चौक ओलांडल्यावर मला हळूच म्हणाले, "सूनबाई, मग आता मी वाढायचं काय?"

लक्षात घ्या, खायचं काय असं नाही विचारलं त्यांनी.

माशांसाठी वार शोधण्यात एक आख्खी संध्याकाळ गेली. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी आत्यांचा उपास, शनिवार मारुतीचा. रविवारच्या गादीवर मासा बसवायला मामांचा सक्त विरोध. उरला बिचारा बुधवार. त्याला कुणी देव वाली नव्हता.

पहिल्या बुधवारी नवऱ्यानं भला मोठा रोहू आणला. आत्यांनी आयुष्यभर मटण केलेलं. त्यांनी काळा मसाला परतला, मासा कुकरमध्ये घातला आणि सवयीनं चार शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत मासा नाहीच! नुसता रस्सा आणि खाली काट्यांचा ढीग. आत्यांनी कुकरच्या झाकणाच्या आत डोकावून पाहिलं.

"अगं, गेला कुठं?"

"डॉक्टरनं काटे खायला सांगितलेत का?" मामांनी पळी खाली ठेवली. ते त्या दिवशी दूधभाकरी खाऊन उठले.

दुसऱ्या बुधवारी मासा पसरट भांड्यात नीट शिजला. मामांनी पातेलं पुढ्यात ओढलं. पळीनं ढवळत ढवळत ते नळी शोधत होते. माशाला कुठली नळी! तेवढ्यात रश्श्यातून मुंडकं वर आलं, डोळ्यांसकट. मामांचा चेहरा उजळला.

"हा घ्या मान!" म्हणत त्यांनी ते मुलाच्या ताटात ठेवलं.

माझा नवरा कुत्र्यालाही घाबरत नाही. पण ते मुंडकं त्याच्याकडे बघायला लागलं तसा तो पाणी प्यायला उठला, तो परत आलाच नाही.

तेव्हापासून आमच्या घरात बुधवारी कुणी शहाण्यासारखं वागेना. मुंडकं लाडक्या माणसाला मिळणार, म्हणजे बुधवारपुरतं नावडतं होणं भाग होतं. एरवी वडिलांपुढे 'हो दादा, हो दादा' करणारा नवरा संध्याकाळ झाली की, "दादा, तुमच्या कारखान्याचा माल तसा टुकारच होता," असं काढायचा. आत्या मामांच्या बातम्यांच्या वेळी मालिका लावून आवाज वाढवायच्या. मी चहात साखरेच्या जागी मीठ घालायचे आणि वर विचारायचे, "मामा, अजून देऊ?" जो या आगाऊपणात त्यातल्या त्यात कमी पडेल त्याच्या ताटात मुंडकं.

मामा बिचारे खचत चालले. "रविवारी ही माणसं देवासारखी वागायची," ते एकदा म्हणाले, "मासा यांच्या डोक्यात गेलाय. लय उष्ण असतो. बास झालं! या रविवारपासून मटण."

आता मात्र माझं धाबं दणाणलं. डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, बाई, कुणीतरी हे मुंडकं गोड मानून घ्यायलाच हवं, नाहीतर आपल्या वागण्यानं म्हातारा जायचा.

त्या बुधवारी मी दिवसभर आदर्श सून होते. मामांचे पाय चेपले, त्यांच्या फोरमनकीच्या गोष्टी जांभई न देता ऐकल्या. रात्री मुंडकं माझ्या ताटात आलं. मी पदर खोचला, त्याला नमस्कार केला आणि असा काही फुर्र आवाज काढून चोखलं की शेजारच्या गॅलरीतला दिवा लागला. डोळे मिटले, मान डोलावली, "अहाहा!" म्हटलं. गंमत म्हणजे गालाकडचं मांस खरोखरच चविष्ट निघालं. मामांच्या मिशीत हसू फुटलं.

पुढचे दोन बुधवारही मुंडकं मलाच मिळालं. तेव्हा आत्यांना राहवेना.

"दर वेळी सूनबाईलाच? आम्ही काय घरात भाड्यानं राहतो?"

मामांनी ऐटीत पळी फिरवली. "कामं करा, मिळेल."

"मिळेल काय! उभा जन्म दुसऱ्यांना मान वाटण्यात गेला तुमचा. आज तुमचा मान." आत्यांनी सरळ पातेल्यात हात घातला आणि मुंडकं मामांच्या ताटात ठेवलं.

मामांनी मुंडक्याकडे पाहिलं, मुंडक्यानं मामांकडे. मामांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात ते गरजले, "भाकरी कच्ची हाय! जन्मात कधी नीट भाकरी जमली नाय तुला!"

भाकरी टम्म फुगलेली होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा आवाज आमच्या चांगला ओळखीचा होता. तो बुधवारचा होता.

"असं वागणाऱ्याला मान मिळत नाय," म्हणत आत्यांनी मुंडकं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं.

मामांनी निमूटपणे स्वतःला मधला तुकडा वाढून घेतला. पळी मात्र खाली ठेवली नाही.